ग्लोरिया (विवाल्दी)

ग्लोरिया म्हणजे कॅथलिक मिस्सेतलं (चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं) देवाच्या स्तुतीचं गाणं, कीरिए म्हणजे ‘प्रभू, दया कर’ ही प्रार्थना झाली की येतं. आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात रविवारच्या मिस्सेत ते गात नाहीत. या लॅटिन शब्दांना आंतोनियो विवाल्दीने १७१५ च्या आसपास व्हेनिसमधे जी चाल लावली ती आज खूप गायली जाते, विवाल्दीच्या रचनांच्या कॅटलॉगमधे नंबर आरव्ही ५८९. (आरव्ही ५८८ पण त्याचाच ग्लोरिया आहे आणि तोही डी मेजर या स्वरपट्टीतच, त्यामुळे रेकॉर्डिंग शोधताना नंबर बघूनच घ्या.)

विवाल्दी स्वतः पाद्री, १७०३ पासून ओस्पेदाले देल्ला पिएता या संस्थेत व्हायोलिन शिकवायचा. आईबापांनी सोडून दिलेली बाळं ही संस्था सांभाळायची. मुलगे मोठे झाले की कामधंद्याला लागायचे, मुली तिथेच राहायच्या, आणि त्यातल्या गुणी मुलींना असं काही संगीत शिकवायचे की लांबलांबचे प्रवासी ऐकायला यायचे, पण दिसायचं काहीच नाही कारण त्या वर गॅलरीत जाळीआड उभ्या राहून गायच्या. १७१३ मधे तिथला मुख्य संगीतकार गास्पारिनी संस्था सोडून गेला आणि चर्चसाठी रचना करायचं काम विवाल्दीकडे आलं. म्हणूनच या ग्लोरियात सोलो फक्त बायकांचे आहेत, दोन सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), एक आल्टो (बायकांचा खालचा आवाज). कॉयरमधे (गायकवृंदात) टेनर आणि बास या एरवी पुरुषांच्या आवाजांच्या ओळीही आहेत, आणि संस्थेच्या नोंदींत नावापुढे ‘बास’ लावलेल्या बायका सापडतात!

एकूण १२ भाग, सगळं मिळून जेमतेम अर्धा तास. सुरुवातीलाच तंतुवाद्यं खालच्या षड्जावरून वरच्या षड्जावर उड्या मारतात, ट्रम्पेट चमकतो, आणि मग कॉयर एकदम ‘ग्लोरिया, ग्लोरिया’ म्हणत येतो. पण खरी कमाल मला दुसऱ्या भागात वाटते. शब्द आहेत पृथ्वीवर शांती असो, आणि सूर बी मायनर या उदास वाटणाऱ्या स्वरपट्टीतले, आवाज एकेक करून येतात, एकाचा सूर दुसऱ्याला घासत राहतो आणि सुटायला वेळ लावतो, म्हणजे शांती मिळाली असं नाहीच, ती मागतायत. पुढे ‘दोमिने देउस’ (प्रभू देवा) या भागात सोप्रानो आणि ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य पाळण्याच्या झोक्यासारख्या लयीत एकमेकांना उत्तरं देतात, तिथे कॉयर नाहीच. शेवटचा भाग मात्र मुळात रुज्जिएरी नावाच्या संगीतकाराच्या १७०८ च्या ग्लोरियातला, विवाल्दीने तो घेऊन आपल्या परीने बदलला. तेव्हा असं सर्रास चालायचं.

१७४१ मधे विवाल्दी व्हिएन्नात वारला आणि हे संगीत जवळजवळ दोनशे वर्षं कुणी ऐकलंच नाही. १९२० च्या दशकात त्याच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले आणि इटलीतल्या तूरिनच्या लायब्ररीत आले. विकत घ्यायला पैसे दिले फोआ आणि जोर्दानो या दोन गृहस्थांनी, दोघांचीही लहान मुलं वारली होती, म्हणून संग्रहांना त्या मुलांची नावं आहेत. सप्टेंबर १९३९ मधे आल्फ्रेदो कासेल्ला या इटालियन संगीतकाराने सिएना शहरात ग्लोरिया पुन्हा गाऊन घेतला.