जिनिंग-प्रेसिंग उद्योगातील पर्यावरण नियोजन (विदर्भ)

कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याने ओलावा, धूळ, आग, वीज, कीड आणि टाकाऊ माल यांचा हंगामवार हिशेब ठेवणे आणि त्या आधारे पुढच्या वर्षांची तयारी करणे, असा या नोंदीचा विषय आहे. विदर्भात हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, राळेगाव, आर्वी, दर्यापूर, अकोट, खामगाव अशा गावांभोवती हे कारखाने आहेत. कापसाचा संघटित बाजार इथे जुना आहे. वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा १८९७ सालीच झाला होता.

जिनिंग हा मुळात कोरडा धंदा आहे. बॉयलर नसतो, धुराडे नसते, सांडपाणी नाममात्र असते. म्हणून रसायन किंवा पोलाद उद्योगासाठी तयार झालेले पर्यावरण धोरणाचे नमुने इथे जसेच्या तसे आणले की फायली जाड होतात आणि आवारात काहीच बदलत नाही. जिनिंगमधली नासाडी नजरेस पडते रेच्यापाशी, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रापाशी. सुरू झालेली असते ती कापसाची गाडी रिकामी होते तिथेच. नियोजनाचा पहिला पैसा त्यामुळे यंत्रावर नव्हे, आवारावर खर्च व्हायला हवा.

मालाचा ताळेबंद

१०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई आणि ६२ ते ६५ किलो सरकी निघते. उरलेली तूट म्हणजे पाचोळा, माती, कवडी (किडकी, नीट न उमललेली बोंडे व त्यांचा कापूस) आणि उडालेला ओलावा. गाठ १७० किलोची असते, म्हणजे एका गाठीला ढोबळमानाने ५ क्विंटल कापूस लागतो. हंगामात २०,००० गाठी बांधणाऱ्या कारखान्यात १ लाख क्विंटल कापूस येतो आणि तूट १ टक्का धरली तरी १,००० क्विंटल माल हवेत, जमिनीवर किंवा घूर (टाकाऊ कचरा) म्हणून कोपऱ्यात जातो. तूट रोज लिहिली जाते, पण ‘ओलावा’ आणि ‘कचरा’ असे तिचे दोन भाग बहुतेक ठिकाणी केले जात नाहीत. ते केल्याशिवाय धूळ किती निघते हे कळायला मार्ग नाही. गाडी उतरताना आणि गाठ बांधताना, अशा दोन्ही वेळी ओलावामापकाची नोंद घेतली की हे दोन भाग आपोआप वेगळे होतात.

आवार, ओलावा आणि गंजी

हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा आधार मानतात. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भाव कापला जातो आणि १२च्या वरचा कापूस नाकारला जातो. रेच्यासाठी मात्र ६ ते ८ टक्के ओलावा चांगला. त्याहून ओला कापूस रोलरला गुंडाळतो, रेचा चोंदतो, सरकी फुटते आणि एकाच गाठीला जास्त वीज लागते. फार कोरडा असला तर तंतू तुटतात, आखूड तंतू वाढतात, रुई उडते. विदर्भात ही दोन्ही टोके एकाच हंगामात येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन पहिली वेचणी लागते तेव्हा परतीच्या पावसाने भिजलेला कापूस येतो. फेब्रुवारीनंतर हवा इतकी कोरडी होते की रुईला हात लावताच ती हाताला चिकटते.

ओल्या कापसाची मोठी गंजी रचणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. सरकी जिवंत बी असते; ओल मिळाली की तिचा श्वास वाढतो, गंजीच्या पोटात उष्णता साचते, रुई पिवळी पडते आणि सरकीच्या तेलातील आम्लता वाढते. उपाय साधा आहे. येणारा माल ओलाव्यानुसार तीन ठिकाणी उतरवावा: ८ टक्क्यांपर्यंतचा, ८ ते १० आणि १०च्या वरचा. तिसऱ्या प्रकारची गंजी बसकी ठेवावी, तिच्यात भोके पाडलेला लोखंडी पाइप उभा रोवावा आणि दोरीला बांधलेला तापमापक सकाळ-संध्याकाळ आत सोडून पाहावा. तापमान सलग चढत असेल तर गंजी मोडून पसरवावी. ताडपत्री सकाळी काढायची आणि पाऊस दिसला की घालायची. ती दिवसभर तशीच राहिली तर खाली घाम धरते आणि पावसापेक्षा जास्त नुकसान करते.

आवार काँक्रीटचे हवे आणि गंजीचे ओटे जमिनीपासून उंच हवेत. काळ्या मातीत ट्रॅक्टर फिरला की चिखल कापसात जातो आणि वाळल्यावर तोच धूळ बनून शेडमध्ये उडतो. २००० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंगच्या आधुनिकीकरणासाठी वेगळा भाग होता आणि पक्के आवार ही त्यातली एक महत्त्वाची अपेक्षा होती.

उन्हाळ्यात गाठ बांधण्यापूर्वी रुईला थोडी आर्द्रता द्यावी लागते. ती धुक्याच्या स्वरूपात, मोजून द्यायची असते. रबरी पाइप धरून रुईवर पाणी मारणे हा वजन वाढवण्याचा प्रकार आहे. त्याला पाणी व्यवस्थापन म्हणता येत नाही. अशा गाठीत आतून बुरशी धरते, रुईचे घट्ट ठोकळे होतात आणि सूतगिरणी माल परत करते.

प्लास्टिकचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवता येतो. खताच्या पोत्यांचे धागे, गुटख्याच्या पुड्या, सुतळी आणि केस रेच्यातून गेले की त्यांचे बारीक तुकडे होतात. मग ते सुतात शिरतात आणि कापड रंगवल्यावर डाग म्हणून दिसतात. वेचणीसाठी सुती कापडाच्या ओट्या (कमरेला बांधायच्या झोळ्या) वाटणे आणि गंजीच्या ओट्यावर कचरा निवडणाऱ्या बाया नेमणे हा खर्च यंत्राच्या तुलनेत किरकोळ आहे.

रेचे आणि धूळ

विदर्भात दुहेरी रोलरचे रेचे सर्रास आहेत. त्यांच्या रोलरवर परंपरेने क्रोमियमने कमावलेल्या चामड्याच्या चकत्या बसवतात. चाकूशी घासून चामडे झिजते आणि क्रोमियमची भुकटी रुईत, सरकीत आणि कामगारांच्या श्वासात जाते. रबर लावलेल्या सुती कापडाचे क्रोमियममुक्त रोलर हा त्यावर पर्याय आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यावर काम केले असून तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. झिजलेल्या चकत्या आवारात जाळण्याची सवय ताबडतोब मोडायला हवी, कारण जळताना साध्या क्रोमियमचे त्याच्या अधिक विषारी रूपात रूपांतर होऊ शकते. त्या घातक कचरा म्हणून वेगळ्या ठेवून अधिकृत संकलनाकडेच द्याव्यात.

धूळ पकडण्यासाठी चक्रवात-यंत्र, म्हणजे सायक्लोन, बसवतात. ते जाड कचरा चांगला पकडते, अगदी बारीक धूळ मात्र निसटते. तळाशी रुई अडकून तोंड बंद झाले की आत आलेले सगळे वरून बाहेर फेकले जाते, तरी खालच्या माणसाला वाटते यंत्र चालू आहे. प्रत्येक पाळीच्या शेवटी तळाचे तोंड मोकळे करणे हे काम नेमून दिलेले असावे. सतत धुळीत काम करणाऱ्यांना बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे ओळखीचे लक्षण. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. हंगामाआधी आणि हंगामानंतर फुंकर-चाचणी (फुप्फुसाची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री) करून घेणे, हाच खरा मापदंड.

आग

जिनिंगच्या पर्यावरण आराखड्यात आगीला सहसा ‘सुरक्षा’ म्हणून वेगळे टाकतात. तसे करू नये. एका रात्रीची आग वर्षभराच्या वीजबचतीपेक्षा अधिक धूर आणि नासाडी करते. कारणे ठरलेली आहेत: कापसातून आलेला दगड किंवा लोखंड, रोलर-चाकूचा अवाजवी दाब, कोरडे पडलेले बेअरिंग, आवारावरून गेलेल्या लोंबत्या तारा, ट्रकच्या सायलेन्सरची ठिणगी आणि बिडी. लोहचुंबक फक्त लोखंड पकडतो. दगडासाठी हवेच्या नळीत वेगळा सापळा लागतो, ज्यात जड वस्तू खाली पडते आणि कापूस पुढे जातो.

ठिणगी दिसली की पहिले काम पाणी मारणे नव्हे, रेच्यात कापूस टाकणे थांबवणे आणि पंखे बंद करणे. पंखे चालू राहिले तर नळ्यांतून निखारा काही क्षणांत दुसऱ्या शेडमध्ये पोचतो. ठिणगी दिसण्याच्या जरा आधी बांधलेल्या काही गाठी ताबडतोब बाहेर काढून एकमेकींपासून दूर, उघड्यावर, किमान आठवडाभर नजरेखाली ठेवाव्यात. घट्ट दाबलेल्या रुईत आग ज्वाळेविना आतल्या आत धुमसते, आणि वरून मारलेले पाणी पृष्ठभागावरून ओघळून जाते. पाण्यात ओलावक (साबणासारखे द्रव्य) मिसळले तर ते आत शिरते. दोन गंज्यांमध्ये पाण्याचा टँकर वळेल एवढी वाट हवी. खरेदीचा जोर वाढला की सर्वांत आधी बळी जाते ती हीच वाट.

वीज

एका गाठीला, यंत्रांच्या वयानुसार, साधारण ४० ते ६० युनिट वीज लागते. कापूस आणि रुई हवेच्या नळ्यांतून खेचणारे पंखे त्यातला मोठा वाटा खातात, म्हणून जिथे शक्य तिथे पट्टा किंवा बादली-उचल वापरली तर बचत लगेच दिसते. राष्ट्रीय वीजजाळ्याचा सरासरी कार्बन गुणांक प्रति युनिट सुमारे ०.७ किलो आहे. ५० युनिटप्रमाणे २०,००० गाठींचे १० लाख युनिट, म्हणजे सुमारे ७०० टन कार्बन डायऑक्साइड. जनरेटरच्या प्रत्येक लिटर डिझेलमागे आणखी सुमारे २.७ किलो मिळवायचे.

छतावर सौर पॅनेल बसवताना हंगामाचा मेळ पाहावा लागतो. १ किलोवॉट पॅनेल वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देते; कारखाना मात्र नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल एवढाच चालतो. नेट मीटरिंगमध्ये (जाळ्याला दिलेली वीज आपल्या वापरातून वजा करण्याच्या सोयीत) शिल्लक युनिटचा हिशेब आर्थिक वर्षाअखेर होत असल्याने एप्रिल ते ऑक्टोबरची निर्मिती त्याच वर्षीच्या हंगामात वापरता येते, ही या धंद्याच्या फायद्याची गोष्ट आहे. तरी दिवसाच्या युनिटची वजावट रात्रीच्या वापरात मिळते का, हे चालू दरपत्रकात तपासल्याशिवाय क्षमता ठरवू नये. हंगामी ग्राहक म्हणून घेतलेल्या जोडणीचे बिगरहंगामी दरही पाहावेत. जुन्या शेडचे पत्रे पॅनेलचा भार पेलत नाहीत आणि धूळ-रुईच्या पंख्यासमोर लावलेली पॅनेल आठवडाभरात पांढरी होतात.

गुलाबी बोंडअळी

गुलाबी बोंडअळीने अळीला मारणारे विष बनवणारी दोन जनुके असलेल्या बीटी कापसाला दाद देणे थांबवले आणि २०१७ मध्ये विदर्भात मोठे नुकसान झाले. अळी सरकीत, विशेषतः चिकटलेल्या जोडसरकीत सुप्तावस्थेत राहते. म्हणजे शेतातून निघालेली कीड कारखान्याच्या आवारात मुक्काम करते, पतंग होते आणि जवळच्या शिवारातील पुढच्या पिकावर जाते. यावर कारखान्याच्या हातात असलेला तोडगा असा: डिसेंबरपासून आवाराच्या कडेने कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावणे, त्यातली गंधाची गोळी म्हणजे ल्यूर साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलणे, अडकलेले पतंग मोजून लिहिणे, सरकी उघड्यावर न साठवणे आणि पावसाळ्याआधी कवडी-घूर पूर्ण उचलणे. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या पिकाचा, कापूस शेवटी येतो आणि त्यातच अळी जास्त असते. फरदडीला चढा भाव देणारा कारखाना पुढच्या वर्षीचा आपलाच कापूस पोखरून घेतो.

सरकी आणि पऱ्हाटी

साल न काढता सरळ घाण्यात घातलेल्या सरकीतून १० ते १२ टक्के तेल निघते आणि बाकीची ढेप जनावरांकडे जाते, त्यामुळे ती वाया जात नाही. वाया जाते ती पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडे. हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते आणि बरीचशी बांधावर जळते. औष्णिक केंद्रांनी कोळशात जैवइंधनाच्या कांड्या (काडीकचरा दाबून केलेले इंधन) मिसळणे केंद्राच्या धोरणाने २०२१ पासून बंधनकारक केले आहे, त्यामुळे मागणी आहे, अडचण वाहतुकीची. सुटी पऱ्हाटी ट्रॉली भरते पण वजन भरत नाही, म्हणून शेताच्या धुऱ्यावरच तिचा चुरा करावा लागतो. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांना काळी माती चिकटते, ती झटकली नाही तर राख वाढते आणि साच्याची धार जाते. कांडीसाठी ओलावा १० टक्क्यांच्या आसपास हवा.

खरेदीदारांची विचारणा आणि पुढची वर्षे

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण-सामाजिक अहवाल बंधनकारक केला. गावातला जिनिंग कारखाना त्यात येत नाही. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या मर्यादांपर्यंतही (नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपये) सहसा पोचत नाही. पण त्याची रुई घेणाऱ्या गिरण्या आणि कापड कंपन्या पुरवठ्याच्या साखळीची माहिती मागू लागल्या आहेत. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या पीएम मित्रा वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. ही विचारणा त्यामुळे आणखी जवळ येईल. मागितले जाते ते थोडकेच: गाठ क्रमांकानिहाय कापूस कोणत्या गावांतून आला, किती युनिट, किती डिझेल, कचरा कुठे गेला. सेंद्रिय आणि साधा कापूस एकाच रेच्यावर घ्यायचा असेल तर मधे रेचे, नळ्या आणि प्रेसची पेटी झाडून पहिली गाठ साध्या मालात धरावी लागते. हे न केल्याने प्रमाणपत्रे रद्द होतात.

पाच-दहा वर्षांच्या आराखड्यात सर्वांत अनिश्चित गोष्ट आहे ती मजुरांची. अकोल्याकडे दाट लागवडीचा प्रसार सुरू आहे आणि दाट लागवडीचा शेवटचा टप्पा यंत्राने वेचणी हा आहे. यंत्राने वेचलेल्या कापसात पाने, काड्या आणि बोंडाची टरफले हाताने वेचलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्याला आधी वाळवणी आणि दोन-तीन सफाई यंत्रे लागतात. वीज वाढते, कचरा वाढतो आणि आजचे सायक्लोन अपुरे पडतात. नवी शेड बांधणाऱ्याने रेच्यांच्या रांगेआधी ही यंत्रे बसतील एवढी लांबी, आणि रोहित्रावर तेवढा भार, आत्ताच राखून ठेवावा. नंतर भिंत फोडून नळ्या वळवल्या की प्रत्येक वळणावर पंख्याची ताकद वाढवावी लागते.