सहीची किंमत कशावरून ठरते? आइस हॉकीतल्या स्वाक्षऱ्यांची पार्श्वभूमी

माँट्रियल कनेडियन्सचा गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना १९१० मध्ये संघात आला आणि पुढची पंधरा वर्षं त्याने एकही सामना चुकवला नाही. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी अंगात ताप असताना तो बर्फावर उतरला, पहिला टप्पा कसाबसा खेळला आणि बाहेर पडला. मार्च १९२६ मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या नावाची ट्रॉफी एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, आजही सर्वोत्तम गोलरक्षकाला दिली जाते. त्याच्या हातची सही मात्र आयुष्यभर संग्रह करणाऱ्यांनाही सहसा दिसत नाही. याउलट गॉर्डी हाउ. तो १९४६ ते १९८० एवढा प्रदीर्घ काळ खेळला, निवृत्तीनंतर गावोगाव हिंडला आणि समोर येईल त्याला मन लावून, वाचता येईल अशी सही देत राहिला. २०१६ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या सह्या घरोघरी पोहोचल्या होत्या. खेळाडू म्हणून हाउ कुणाहून कमी नव्हता. तरीही त्याची सही सामान्य चाहत्याच्या आवाक्यात राहिली.

हॉकीतल्या सह्यांच्या बाजाराचं मूळ या फरकात आहे. गोल किती केले यापेक्षा, सह्या जपून ठेवण्याची सवय लोकांना लागली तेव्हा खेळाडू हयात होता का, आणि त्यानंतर किती वर्षं जगला, यावर किंमत जास्त ठरते.

बिल बारिल्कोचं उदाहरण याहून ठळक आहे. २१ एप्रिल १९५१ रोजी टोरोंटो मेपल लीफ्सच्या या बचावपटूने जादा वेळेत गोल मारून एनएचएलचं विजेतेपद, म्हणजे स्टॅन्ली कप, जिंकून दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मासेमारीहून परतताना त्याचं छोटं विमान उत्तर ओंटारिओच्या जंगलात बेपत्ता झालं; अवशेष सापडले ते थेट १९६२ मध्ये. बारिल्को फक्त चोवीस वर्षांचा होता आणि एनएचएलमध्ये जेमतेम पाच हंगाम खेळला होता. त्याची सही बहुतेक वेळा संपूर्ण संघाच्या सह्या असलेल्या पानावर इतरांच्या गर्दीत सापडते आणि त्या एका नावामुळे अख्ख्या पानाचा भाव चढतो.

मुळात ही सवय लागली कशी? १९३४ मध्ये ओंटारिओतल्या पोर्ट क्रेडिट इथल्या सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीने 'बी हाइव्ह' या मक्याच्या सिरपसोबत एक योजना काढली. डब्याची खूण पाठवा, हव्या त्या खेळाडूचा फोटो मिळवा. ही योजना १९६७ पर्यंत चालली. कॅनडातल्या मुलांना हिरोचा फोटो घरबसल्या मिळू लागला, आणि हातात फोटो आला की त्यावर सही हवीशी वाटणारच. पुढे १९५१ मध्ये पार्कहर्स्ट कंपनीची खेळाडूंच्या चित्रांची कार्डं आली. संघ तेव्हा सहाच होते, प्रवास रेल्वेने व्हायचा, मुक्काम ठरावीक हॉटेलांत असायचा. त्यामुळे स्टेशनवर, हॉटेलच्या दारात किंवा मैदानाच्या मागच्या फाटकाशी वही घेऊन उभं राहिलं की खेळाडू भेटत. पैशांचा प्रश्नच नव्हता.

खोट्या सह्यांचं बीजही त्याच काळात पडलं, आणि त्यामागे कुणाचा फसवण्याचा हेतू नव्हता. टपालाने येणाऱ्या मागण्यांचा ढीग उपसायला कधी कार्यालयातला कारकून, तर कधी संघाचा ट्रेनर मोठ्या खेळाडूच्या नावाने सही करून मोकळा होई. रबरी शिक्के होते. अनेक फोटोंवर नि कार्डांवर सही छापलेलीच असे. आज एखाद्याच्या आजोबांच्या वहीतून निघालेली सही प्रामाणिकपणे जपलेली असूनही खेळाडूच्या हातची नसते, ती यामुळे. हे सांगताना मला नेहमी वाईट वाटतं, पण सांगायलाच हवं.

खऱ्याखोट्याच्या पारखीत साधनांचा इतिहास मोठा उपयोगी पडतो. बॉलपेन बाजारात सर्रास आलं १९४० च्या दशकात. शार्पी मार्कर आला १९६४ मध्ये. म्हणून व्हेझिनाची बॉलपेनने किंवा बारिल्कोची मार्करने केलेली सही कुणी दाखवली, तर अक्षर तपासायचीही गरज नाही. पक, म्हणजे हॉकीची चकती, काळ्या रबराचा असल्याने त्यावर चंदेरी किंवा सोनेरी रंगाचं पेन लागतं, त्यामुळे तशी सही असलेला पक अलीकडच्या दशकांतलाच असतो. तुलनेसाठी सर्वात भरवशाचे नमुने म्हणजे करारपत्रं, धनादेश आणि खासगी पत्रं. तिथे खेळाडू चाहत्यासाठी नव्हे, कामासाठी सही करतो.

१९८० नंतर कार्डांचे मेळे भरू लागले आणि सहीला दर लागला. १९९४-९५ च्या 'बी अ प्लेयर' या कार्डसंचात तर प्रत्येक पाकिटात सही केलेलं एक कार्ड होतं. नंतर खेळाडू पारदर्शक स्टिकरच्या तावांवर सह्या करू लागले आणि ते स्टिकर कारखान्यात कार्डावर चिकटवले जाऊ लागले. माझ्या मते ती सही अस्सल असली तरी तिच्यातली भेट हरवलेली असते.

पैसा आला तसे भामटेही आले. १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' ही मोहीम राबवली. तिचा रोख मुख्यतः बेसबॉलवर होता, पण तिने सगळ्याच खेळांतल्या संग्राहकांची झोप उडवली. बाजारातल्या सह्या केलेल्या निम्म्याहून अधिक वस्तू बनावट असाव्यात, असा तपास यंत्रणेचा अंदाज होता. सहीसोबतची प्रमाणपत्रंही खोटी निघाली. १९९२ मध्ये अप्पर डेक ऑथेंटिकेटेड या सह्यांच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीने साक्षीदारासमोर सही आणि क्रमांकित होलोग्राम अशी पद्धत आणली होती. १९९८ मध्ये पीएसए/डीएनए या सह्या तपासणाऱ्या कंपनीची त्रयस्थ पडताळणी सुरू झाली. आता लिलावात आधी पडताळणीचा शिक्का पाहतात, मग सही.

सोव्हिएत खेळाडूंची गोष्ट निराळी. व्हॅलेरी खारलामोव्हने १९७२ च्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेत कॅनडाला थक्क केलं, पण तो एनएचएलमध्ये कधी खेळला नाही आणि १९८१ मध्ये तेहतिसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. मेळ्यांचा काळ त्याने पाहिलाच नाही.

एका बाबतीत माझं मत बाजाराच्या उलट आहे. 'अमक्यास, सप्रेम' असं नाव घालून दिलेली सही विकताना कमी भावाने जाते. पण बनावट सह्या करणारा सहसा नाव घालत नाही, कारण त्याला ती कुणालाही विकायची असते. माँट्रियल कनेडियन्सचा नामांकित खेळाडू जाँ बेलिव्हो चाहत्यांच्या पत्रांना स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात उत्तरं लिहायचा. तसं एखादं पत्र पाकिटासकट मिळालं, तर कोऱ्या कार्डावरच्या दहा सह्यांपेक्षा मी ते घेईन.

आता महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. या खेळाडूंच्या सुरुवातीच्या सह्या आत्ता गोळा होत आहेत आणि पुढच्या पडताळणीसाठी नमुने म्हणून त्याच वापरल्या जातील. सही घेणाऱ्याने तारीख, शहर आणि सामना वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती सहीसोबत ठेवावी. व्हेझिनाच्या काळात कुणाला हे सुचलं असतं, तर आज त्याच्या सहीबद्दल इतके वाद झाले नसते.