गाडी जितकी खाली, तितकी पकड जास्त? एक खुलासा

साध्या हॅचबॅकची डांबरी रॅलीसाठी गाडी करायची म्हणजे आधी स्प्रिंग कापून ती शक्य तितकी खाली बसवायची, हा समज नागपुरातील गॅरेजांमध्ये वर्षानुवर्षे रुजलेला आहे. तो चुकीचा आहे.

उंची घटल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरे. परंतु स्विफ्टसारख्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग व डॅम्पर एकत्र असलेला उभा खांब) असतो. गाडी फार खाली गेली की खालची आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) चाकाच्या बाजूने वर चढते, रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा अधिक घसरते, दोहोंतले अंतर वाढते आणि वळणावर गाडी उलट जास्त झुकू पाहते. स्ट्रटला वर-खाली व्हायला जागाही उरत नाही. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्याच्या एखाद्या उंच सांध्यावरसुद्धा बम्प स्टॉप (स्ट्रटची चाल संपते तिथला रबरी ठोकळा) आदळतो, बाहेरच्या चाकाची पकड एकदम सुटते आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते. कापलेली स्प्रिंग तर चाक लोंबकळताच बैठकीतून निसटू शकते, आणि मला हाच सर्वांत मोठा धोका वाटतो.

पैसा आधी रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा लोखंडी पिंजरा), डॅम्पर (स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अॅब्सॉर्बर), टायर व ब्रेकवर खर्चावा. मग लिमिटेड स्लिप डिफरन्शियलवर (एक चाक घसरले तरी दुसऱ्यालाही जोर पोचवणारी यंत्रणा), कारण ती नसेल तर वळणात हलके झालेले आतले चाक नुसतेच फिरते. पुढची दोनच चाके ओढणाऱ्या सित्रोएन झारा किट कारने (साध्या झारावरून बनवलेली रॅलीची गाडी) १९९९ मध्ये कातालुन्या व कॉर्सिका या जागतिक रॅली चारचाकी ड्राइव्हच्या गाड्यांना हरवून जिंकल्या होत्या. उंची कमी करायचीच असेल, तर गाडी जमिनीवर उभी असताना खालची आर्म जवळपास आडवी राहील इतकीच करावी.