तकदीर आणि इख्तियार : वादाची पार्श्वभूमी

इ.स. ६३९च्या सुमाराला खलिफा उमर सीरियाकडे निघाले होते. वाटेत सर्ग इथं त्यांना कळलं की पुढे प्लेगची साथ आहे. त्यांनी परतायचं ठरवलं, तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं, ‘अल्लाहच्या निर्णयापासून पळताय?’ उमर म्हणाले, ‘हो, अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे.’ अबू उबैदा थांबले आणि त्याच साथीत वारले. तकदीर, म्हणजे सगळं अल्लाहनं आधीच ठरवलेलं, की इख्तियार, म्हणजे माणसाचं निवडीचं स्वातंत्र्य, या चर्चेत हा प्रसंग आजही सांगितला जातो.

कुरआनात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. ‘ज्याला वाटेल त्यानं श्रद्धा ठेवावी, ज्याला वाटेल त्यानं नाकारावं’ असं १८व्या सूरेत (अध्यायात) आहे. तर ७६वी सूरा म्हणते की अल्लाहनं इच्छिल्याशिवाय तुम्ही इच्छाही करू शकत नाही. एवढ्यावरून वाद पेटायचं कारण नव्हतं. तो पेटला उमय्या राजवटीत (६६१–७५०). आमची सत्ता ही ईश्वरी योजनाच, असं राज्यकर्त्यांचे भाट गात होते. मग जुलूमही त्याचीच इच्छा का, असा प्रश्न इराकमधल्या बसऱ्यात उठला. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातली (हदीस म्हणजे प्रेषितांच्या वचनांची-आचरणाची नोंद) एक प्रसिद्ध हदीस ‘बसऱ्यात कद्रविषयी (ईश्वरी नियतीविषयी) पहिल्यांदा बोलला तो माबद अल-जुहनी’ या वाक्यानंच सुरू होते. माणसाचं निवडीचं स्वातंत्र्य मानणारा हा माबद उमय्यांविरुद्धच्या बंडात सामील झाला आणि मारला गेला. पुढे उमय्या खलिफा हिशामनं त्याच मताच्या दमास्कसच्या गैलानलाही मृत्युदंड दिला.

म्हणून स्वातंत्र्यवादी ते बंडखोर आणि नियतिवादी ते दरबारी, अशी सोपी वाटणी अनेकजण करतात. ती टिकत नाही. माणसाला कर्तृत्वच नाही असं टोकाचं मत ज्याच्या नावावर आहे तो जह्म बिन सफवानही उमय्यांविरुद्धच्या बंडातच ७४६मध्ये मारला गेला.

मुतझिला पंथानं प्रश्न न्यायाशी जोडला : जे माणसानं केलंच नाही, त्याची शिक्षा न्यायी ईश्वर कशी देईल? त्यांच्यातच वाढलेले अबुल हसन अल-अशअरी चाळिशीत त्यांच्यापासून फुटले. त्यांचं उत्तर ‘कस्ब’ : कृत्य निर्माण करतो अल्लाह, माणूस ते कमावतो. हे उत्तर इतकं अवघड वाटलं की गुंतागुंतीच्या गोष्टीला ‘अशअरीच्या कस्बपेक्षाही सूक्ष्म’ म्हणायची पद्धत पडली. टीकाकारांना त्यात शब्दांची कसरत दिसली, आणि ते अगदीच चुकीचे होते असं मला वाटत नाही. समरकंदच्या अल-मातुरीदींनी (मृत्यू ९४४) माणसाच्या निवडीला जरा जास्त जागा दिली. शियांमध्ये इमाम जाफर अल-सादिक यांचं वचन प्रमाण आहे : ना सक्ती, ना पूर्ण मोकळीक, तर दोहोंमधली वाट.

सुन्नी धर्मकायद्याच्या शाखांपैकी हनफी लोक परंपरेनं मातुरीदींच्या मागे गेले, तर शाफिई बहुतांशी अशअरींच्या. आपल्याकडे कोकणी मुसलमान शाफिई, आणि देशावरचे बरेचसे हनफी.