आखाजी, ईद आणि उरलेले अकरा दिवस

२२ एप्रिल २०२३. आईने सकाळी घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं, पितरांच्या नावाने आगारी, म्हणजे विस्तवावर नैवेद्याचा घास, टाकली. पुरणपोळी ताटात पडते न पडते तोच शेजारचे रफिकचाचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन दारात! आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आणि ईद एकाच दिवशी. आदल्या वर्षी, ३ मे २०२२ ला, हेच झालं होतं. त्याच्याही आधी १४ मे २०२१ ला झालं होतं. तेव्हा करोनामुळे डबा कुंपणावरून आला. सलग तीन वर्षं. मोबाइलवर ‘दुर्मीळ महायोग’ फिरू लागला. मग २०२४ मध्ये ईद ११ एप्रिललाच होऊन गेली आणि आखाजी १० मेला आली. महायोग संपला.

आईने चाचांना विचारलं, “आमनी आखाजी उन्हायामाच येस, मंग तुमनी ईद वरीसभर कशी फिरस?”

“चांद दिखना का ईद, आक्का,” चाचा म्हणाले.

उत्तर खरं आहे, पण अर्धं. चांद आखाजीलाही लागतोच. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अमावास्येनंतरची तिसरी तिथी, आणि ईदची कोरही त्याच सुमारास दिसते. त्या तीन वर्षांत आपला वैशाख आणि ईदपासून सुरू होणारा मुसलमानी शव्वाल हे दोन महिने एकाच अमावास्येपासून सुरू झाले होते, म्हणून सण एकत्र आले.

आता हिशेब. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४.३७ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांहून थोडं मोठं. उरतात जवळपास अकरा दिवस. चंद्र पाहून महिने मोजणाऱ्या प्रत्येक समाजापुढे हे अकरा दिवस आले, आणि आकाशाने कोणालाही सूट दिली नाही.

जगातले धर्म शिकवताना सहसा एक तक्ता काढतात: देव किती, ग्रंथ कोणता, प्रेषित कोण, मेल्यावर काय. त्याखाली एक ठरलेलं वाक्य असतं की पूर्वेकडचा काळ चक्राकार, पश्चिमेकडचा सरळ रेषेत. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. शक संवत्सर आपणही सरळ मोजत पुढे नेतो, आणि ख्रिस्ती माणसाचा ईस्टर दरवर्षी फिरून येतो. एखाद्या धर्माची विश्वदृष्टी, म्हणजे जग कोणाचं आणि त्यात माणसाने कुठवर हात घालायचा ही समजूत, ओळखायची असेल तर मी त्याला एवढंच विचारेन: उरलेल्या अकरा दिवसांचं तुम्ही काय करता?

इस्लाम म्हणतो, काहीच करायचं नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात महिने पुढेमागे सरकवायची चाल होती. कुराणाच्या नवव्या सूरेत महिने बाराच असल्याचं सांगून ती निषिद्ध ठरवली. काळाची मांडणी अल्लाची, माणसाने त्यात हात घालू नये. परिणाम असा की रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरतो. जळगावच्या ४५ अंशांतला रोजाही वाट्याला येतो आणि डिसेंबरच्या छोट्या दिवसाचाही.

ज्यूंना हे चालत नाही. त्यांचा वल्हांडण सण वसंतातच यायला हवा, कारण इजिप्तमधून सुटका वसंतात झाली. म्हणून ते १९ वर्षांत ७ महिने जादा घालतात. एकोणीस सौर वर्षं आणि २३५ चांद्र महिने यांत अवघ्या दोन तासांचा फरक पडतो, म्हणून हे जमतं. ख्रिस्ती मंडळींनी वर्ष रोमन सूर्याचं घेतलं, पण ईस्टर मात्र वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेला बांधून ठेवला. पारशांचं वर्ष चंद्राचं नाही. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच गाथा दिवस मिळून सरळ ३६५. वरचा पाव दिवस सोडून दिल्याने त्यांच्यातल्या शहेनशाही पंथाच्या पंचांगातलं वसंतातलं नवरोज सरकत सरकत ऑगस्टमध्ये पोहोचलं.

आणि आपण? आपण फार सुंदर युक्ती केली, आणि तिच्याबद्दल बोलताना मला थांबता येत नाही.

‘दर तीन वर्षांनी एक महिना घाला’ असा ठोकळ नियम आपल्याकडे नाही. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. ज्या चांद्र महिन्यात मेष संक्रांत येते तो चैत्र, ज्यात वृषभ संक्रांत तो वैशाख. दोन संक्रांतींत सरासरी ३०.४४ दिवस, पण चांद्र महिना २९.५३ दिवसांचा. म्हणून कधी कधी एक अख्खा महिना दोन संक्रांतींच्या मधल्या फटीत मावतो. त्यात संक्रांत नाही, म्हणून त्याला स्वतःचं नाव नाही. तो अधिक. २०२६ चं उदाहरण घ्या: वृषभ संक्रांत १५ मेला, मग अमावास्या, आणि पुढची अमावास्या १५ जूनला, मिथुन संक्रांतीच्या काही तास आधी संपणारी. थोडक्यात हुकलं, म्हणून ज्येष्ठ अधिक.

पुढची गंमत जरा सावकाश वाचा. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने धावते. त्यामुळे सूर्य राशी भराभर ओलांडतो आणि तेव्हाचा सौर महिना साडेएकोणतीस दिवसांच्याही आत संपतो. जून-जुलैत तोच साडेएकतीसच्या आसपास जातो. म्हणून अधिक महिने बहुधा चैत्र ते आश्विन या काळात येतात. उलट हिवाळ्यात चांद्र महिनाच सौर महिन्याहून लांब ठरू शकतो आणि त्याच्या पोटात दोन संक्रांती येतात. मग एका महिन्याचं नाव गळतं. तो क्षयमास.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त लिहून ठेवलंय की क्षयमास शके ९७४ मध्ये येऊन गेला, पुढे १११५, १२५६ आणि १३७८ मध्ये येईल, बहुधा १४१ वर्षांनी, क्वचित १९ वर्षांनी. आता अलीकडचे बघा: १९६३-६४, मग १९८२-८३, आणि पुढचा २१२३-२४. आधी १९, मग १४१! हे गणित शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा. पाटणादेवीला जाणाऱ्या गाड्या धबधब्याशी फोटो काढून परततात, आणि ‘नासासुद्धा आपलं पंचांग वापरते’ हा संदेश बहुधा त्याच गाडीतून पुढे ढकलला जातो.

दुसरी खोड अधिक महिन्याला अशुभ मानायची. लग्न नको, वास्तू नको. अहो, हिशेब जुळवायला घातलेली ती ओळ आहे. संक्रांत हुकली यात कोणाचं काय बिघडलं?

आणि आपलं गणितही अगदी निर्दोष नाही. आपण तारे धरून वर्ष मोजतो. ते ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठं असल्याने ७०-७२ वर्षांत एक दिवस घसरतो. म्हणूनच उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतं आणि मकर संक्रांत १४ जानेवारीला येते. म्हणजे आखाजीही फिरतेच, फक्त रमजानपेक्षा फार सावकाश.

सातपुड्यात वर गेलं तर वेगळीच रीत दिसते. होळीआधीच्या आठवड्यात ज्या गावाचा बाजार ज्या वारी, त्या वारी तिथे भोंगऱ्या, म्हणजे आदिवासींचा बाजारातला उत्सव. होळी पौर्णिमेची, पण तिच्याआधीचा आनंद बाजाराच्या वाराला बांधलेला. धर्मांच्या तक्त्यात याला रकाना नसतो.

तर ईद आणि आखाजी. २०२० च्या अधिक आश्विनाने त्यांना एकत्र आणलं, २०२३ च्या अधिक श्रावणाने एक महिना लांब केलं. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानंतर अंतर दोन महिन्यांचं होईल. पुन्हा भेटायला एकूण बारा अधिक महिने लागतील, म्हणजे २०५३ च्या आसपास. हे सगळं मी आईला कागदावर आकडे मांडून समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि त्यातलं नेमकं एक उचललं.

“म्हंजे औंदा धोंड्याना महिना शे? मंग जवाईले तेहतीस अनारसा करना पडतीन.”