उदंचन केंद्र जुने होते, म्हणजे नेमके काय होते?

मुंबई महानगरपालिकेच्या काही आवारांच्या फाटकांवर ‘मलजल उदंचन केंद्र’ अशी पाटी दिसते. ‘उदंचन’ हा शब्द बोलण्यात कोणी वापरत नाही, सगळे जण ‘पंपिंग’च म्हणतात, पण संस्कृतात उदंचन म्हणजे विहिरीतून पाणी वर काढण्याचा पोहरा. सरकारी परिभाषेतले शब्द क्वचितच इतके चपखल असतात, कारण या केंद्राचे काम पोहऱ्याचेच आहे. जमिनीखालच्या खोल विहिरीत जमलेले सांडपाणी उचलून वर द्यायचे, एवढेच.

ते उचलावे का लागते, याचे कारण उतारात आहे. सांडपाणी वाहिनीतून आपल्या वजनाने वाहते आणि त्यातला गाळ तळाशी बसू नये म्हणून त्याचा वेग सेकंदाला निदान 0.6 मीटर असावा लागतो. 300 मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीत हा वेग टिकवायचा तर साधारण 400 मीटरमागे 1 मीटर उतार द्यावा लागतो, म्हणजे 2 किलोमीटर गेल्यावर वाहिनी 5 मीटर खोल गेलेली असते. डोंगरउतारावरच्या गावाला याची अडचण नाही. मुंबईचा मोठा भाग मात्र भर टाकून तयार केलेला, समुद्राच्या भरतीच्या पातळीलगतचा आहे, त्यामुळे येथे वाहिनी थोडे अंतर गेली की समुद्राच्या पातळीखाली उतरते आणि तिच्यातले पाणी पुन्हा वर काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वरळीच्या लव्हग्रोव्ह येथे एकोणिसाव्या शतकातच हे काम वाफेच्या इंजिनांवर सुरू झाले होते.

हाजी अली किंवा इर्ला येथील केंद्रे पावसाचे पाणी उपसतात. ती व्यवस्था निराळी असून ती प्रामुख्याने पावसाळ्यात चालते. मलजलाच्या केंद्राला अशी सुट्टी नसते, आणि पुढचे सगळे प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

अशा केंद्राचे वय पंपांवरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. पंप झिजतात हे खरेच. वाळूने पंख्याच्या कडा खरवडल्या जातात, चिंध्या, प्लॅस्टिक आणि अलीकडे ‘वेट वाइप्स’ नावाचे न विरघळणारे ओले रुमाल पंख्याभोवती गुंडाळून बसतात, तेवढेच पाणी उचलायला जास्त वीज लागू लागते. पण पंप बदलणे हे या सगळ्यातले सर्वांत सोपे काम आहे. केंद्राचे खरे वार्धक्य विहिरीच्या भिंतींत असते, आणि तेही पाण्याच्या वर, जेथे मलजल पोहोचतच नाही.

हे चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे सविस्तर पाहू. वाहिनीच्या आतल्या बाजूला, पाण्याखाली, बुळबुळीत थर साचतो. त्या थराच्या आत प्राणवायू पोहोचत नाही आणि तेथील जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी पाण्यातले सल्फेट वापरून त्याचे सल्फाइडमध्ये रूपांतर करतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 2,700 मिलिग्रॅम सल्फेट असते, म्हणून किनाऱ्यालगतच्या वाहिन्यांच्या सांध्यांतून खारे पाणी आत झिरपले की या जिवाणूंना मेजवानीच मिळते. मुंबईची उष्ण हवाही त्यांना मानवते. विहिरीशी पोहोचल्यावर सांडपाणी उंचावरून खाली पडते, घुसळले जाते, आणि त्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड वायू मोकळा होऊन भिंतींच्या ओलसर वरच्या भागावर व छताखाली जमतो. तेथे दुसऱ्या जातीचे जिवाणू टपलेलेच असतात. ते या वायूचे प्राणवायूशी संयोग घडवून चक्क सल्फ्युरिक आम्ल बनवतात. 1945 साली मेलबर्नमध्ये सी. डी. पार्कर यांनी असा जिवाणू वेगळा काढला तेव्हा त्याला ‘थायोबॅसिलस काँक्रिटिव्होरस’, म्हणजे काँक्रीटभक्षक, असे नाव दिले गेले.

ताज्या काँक्रीटचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा ‘पीएच’ अंक (जितका कमी तितके आम्ल जास्त), 12च्या वर असतो, तर या ओलसर थराचा 2च्याही खाली घसरू शकतो. आम्लामुळे सिमेंटचे रूपांतर जिप्सममध्ये, म्हणजे खरवडले तर नखाने निघेल अशा पांढऱ्या लगद्यात होते, मग आतली सळई उघडी पडून गंजते. पाण्याखालची भिंत धडधाकट आणि तिच्या डोक्यावरचा स्लॅब पोखरलेला, असे दृश्य त्यामुळे दिसते. हाच वायू माणसाचाही घात करतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 100 भाग झाले की नाकाची संवेदना बधिर होऊन वास येईनासा होतो, आणि 500 ते 1,000 भागांच्या दरम्यान तो जीव घेऊ शकतो. वास गेला म्हणून वायू गेला, असे समजून विहिरीत उतरणे म्हणूनच इतके घातक आहे. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यास मनाई केली आहे. जाळीवरचा कचरा यंत्राने निघेल आणि पंप साखळीने वर ओढून घेता येईल अशी रचना असलेले नवे केंद्र ही मनाई कागदावरून प्रत्यक्षात आणू शकते. माझ्या मते नव्या केंद्रासाठी एवढे एकच कारणही पुरेसे आहे.

पोखरलेली विहीर दुरुस्त करायची तर ती रिकामी करावी लागते, आणि शहराचे सांडपाणी एक तासही थांबवता येत नाही. म्हणून बहुधा जुन्याशेजारीच नवी विहीर बांधतात. जमिनीवर काँक्रीटचे वर्तुळाकार कडे ओतायचे, आतली माती उपसत जायचे, म्हणजे ते स्वतःच्या भाराने खाली उतरत जाते. पुलांच्या पायांसाठी वापरली जाणारी हीच जुनी पद्धत. भूजल जेथे हाताच्या अंतरावर आहे अशा मुंबईत खरी कसोटी त्यानंतर लागते. 10 मीटर बाह्यव्यासाची आणि 12 मीटर पाण्यात बुडलेली विहीर सुमारे 940 घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिला खालून सुमारे 940 टनांचा उचल बसतो. तळ बंद करून आतले पाणी काढले की ती होडीसारखी वर यायला पाहते. भिंती जाड ठेवणे आणि तळाचे काँक्रीट भारी करणे किंवा खडकात नांगर रोवणे, हे त्यासाठीच.

विहिरीचा आकारही मनास येईल तसा ठरत नाही. सेकंदाला 100 लिटर उचलणारा पंप तासाला 6 वेळांपेक्षा जास्त सुरू करायचा नसेल, तर चालू-बंद पातळ्यांमध्ये 15 घनमीटर जागा हवी. ती कमी पडली तर सारखे चालू-बंद होऊन मोटार तापते. फार जास्त झाली तर मलजल तुंबून राहते आणि आपण ज्या वायूपासून सुटू पाहतो तोच पुन्हा तयार होतो. पंपाचा वेग कमी-जास्त करणारी विद्युत यंत्रणा बसवली की ही ओढाताण बरीच सैल होते.

जुनी वाहिनी नव्या विहिरीला जोडण्याचा दिवस कोरड्या ऋतूत, आणि वेळ शक्यतो मध्यरात्रीनंतरची निवडतात, कारण सकाळी घरोघरी नळ सुटले की प्रवाह कितीतरी पट वाढतो. वरच्या बाजूच्या मॅनहोलमध्ये हवेने फुगणारा बूच बसवायचा, तात्पुरत्या पंपांनी पाणी वळवायचे, आणि तेवढ्या अवधीत वाहिनीचे तोंड नव्या विहिरीकडे फिरवायचे. चाचणीत सर्वांत जास्त धास्ती अचानक वीज जाण्याची असते. पंपाने ढकललेले पाणी पुढे नेणाऱ्या पोलादी दाबवाहिनीत सेकंदाला 1 मीटर वेगाने चाललेले पाणी एकदम अडले तर सुमारे 100 मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब उसळतो आणि वाहिनीतून हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. हा धक्का पचवायला हवेची टाकी आणि हळू मिटणाऱ्या झडपा ठेवाव्या लागतात.

मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथे मिळून दिवसाला 2,464 दशलक्ष लिटर क्षमतेच्या सात प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी जानेवारी 2023 मध्ये झाली. तेथवर मलजल नेऊन पोहोचवण्याचे काम उदंचन केंद्रांचेच आहे.

राहिली जुनी विहीर. ती धुऊन, वायूची तपासणी करून, वाळूने किंवा हलक्या प्रतीच्या काँक्रीटने भरून टाकावी लागते. रिकामी ठेवली तर पावसाळ्यात भूजल चढल्यावर, इतकी वर्षे पाण्याच्या वजनाने जागेवर बसलेली तीही वर उचलली जाऊ शकते.