शिळं पेट्रोल वेगळं, फाटलेलं पेट्रोल वेगळं

दिवाळीत तोरणमाळला फिरवून आणलेली कॅम्पर व्हॅन पत्र्याच्या शेडमध्ये लावायची आणि थेट पुढच्या दसऱ्याला काढायची. सेल्फ मारला, गाडी लागत नाही. जमलेल्या चार जणांचं निदान ठरलेलं: "पेट्रोल मेलंय, दोन लिटर ताजं टाका." या दोन लिटरच्या इलाजाचा आता कंटाळा आलाय. तो एका दुखण्यावर चालतो, दुसऱ्यावर अजिबात नाही.

शिळं पेट्रोल सगळ्यांच्या ओळखीचं. चटकन पेटणारे हलके घटक उडून जातात. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, पत्र्याखाली तर भराभर. उरलेलं हवेशी संयोग पावून डिंकासारखं चिकट होतं, रंग गडद होतो, वास व्हार्निशसारखा आंबूस येतो. इंजिन उशिरा लागतं, पण एकदा लागलं की कुरकुरत का होईना चालतं. एक भाग जुनं, चार भाग ताजं असं मिसळून ते संपवता येतं. अगदीच गडद झालं असेल तर मात्र काढूनच टाका, नाहीतर जेट आणि इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं, चिकटतील.

फाटलेल्या पेट्रोलकडे मात्र कुणी पाहत नाही. पेट्रोल पंपावर आता मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं आणि काही मर्यादेपर्यंत पोटात ठेवतं. तोवर काहीच दिसत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून सुटतं आणि तळाशी बसतं. २० लिटरच्या टाकीत इथेनॉल असतं ४ लिटर. त्यातलं बरंचसं खाली उतरलं, तर तळाचा थर चमचाभर नसतो, लिटरांत असतो. गाडीतला पंप पेट्रोल ओढतो ते नेमकं तळातून. म्हणून गाडी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतल्या चांगल्या पेट्रोलवर काही सेकंद चालते आणि मरते. वरच्या थरातलं इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची ताकद, घसरलेला असतो.

फाटलेल्या दुधात ताजं दूध ओतून ते सांधत नाही, तसंच हे. दोन लिटर ताजं पेट्रोल वर तरंगतं, पंप खालचंच ओढत राहतो. स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं रसायन, तोही इथे कामाचा नाही. तो ताज्या पेट्रोलमध्ये, गाडी लावण्याआधी टाकायचा असतो. आणि टाकल्यावर दहा मिनिटं इंजिन चालवायचं, नाहीतर तो टाकीतच राहतो.

पाणी मर्यादेत आहे की नाही, हे तापमानावरही ठरतं. थंड पेट्रोल कमी पाणी धरतं. त्यामुळे पावसाळ्यात ओल धरलेली टाकी ऑक्टोबरात ठीक दिसते आणि डिसेंबरात धुळ्याचा पारा दहाच्या खाली गेला की फाटते. म्हणून तपासणी पहाटेच करा. टाकीच्या तळातून अर्धा लिटर पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. मध्ये स्पष्ट रेघ दिसली तर फाटलं. खात्री करायची तर पाण्यात विरघळणाऱ्या खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाका, रंग खालचा थर घेईल. थर जाड असेल तर बाटलीत नुसता तोच येतो, मग रेघ दिसत नाही आणि सगळी बाटली रंगते; तेही फाटलेलंच. रेघ नाही पण पहाटे धुरकट आणि दुपारी स्वच्छ, असं असेल तर ते काठावर आलंय. तेही काढून टाका.

फाटलेलं असेल तर टाकी पूर्ण रिकामी करायची. उघड्यावर, विडी-सिगारेट लांब ठेवून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, हातपंपाने. नळी तोंडाने ओढणाऱ्यांना काय म्हणावं! पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. इंजेक्शनच्या गाडीत नळी तळापर्यंत जात नसेल तर मेकॅनिककडून टाकी उतरवून घ्या. इलेक्ट्रिक पंप कोरडा फिरवू नका, तो पेट्रोलनेच थंड राहतो. मग तीन लिटर ताजं घालून, खळबळवून तेही काढा, फिल्टर बदला, आतला गंज टॉर्चच्या उजेडात पाहा. काढलेला माल नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ओतायचा नाही. तळाचा थर दुसऱ्या कुठल्याही इंजिनात घालायचा नाही.

एवढं पाणी येतं कुठून? नुसत्या दमट हवेने बंद टाकीत एवढं सहसा साचत नाही. झाकणाचं कडक झालेलं रबर, वॉशिंगच्या वेळी झाकणावर मारलेला प्रेशरचा फवारा, उघड्या ड्रममधून भरलेलं पेट्रोल, हे खरे चोर. गाडी लावताना नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि रबर नवं घाला. व्हॅनमधल्या जनरेटरच्या झाकणाला मात्र हवेचं भोक असतं. त्याची टाकी भरून ठेवू नका, रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून जनरेटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही सोडा.

डिझेलच्या व्हॅनवाल्यांना हे इथेनॉलचं फाटणं लागू नाही. तुमचं दुखणं पाणी आणि त्यात वाढणारी बुळबुळीत घाण. तुम्ही वॉटर सेपरेटरमध्ये, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात, साचलेलं पाणी काढून टाका.